आईबद्दल कुणी लिहायचं

जुळ्या बहिणींत ती काही मिनिटं आधी जन्मली, तेवढ्यावर घराने तिला कायमची ताई करून टाकलं. दुसरी छकुली. कपडे आधी छकुलीने निवडायचे, खिडकीची जागा छकुलीला, आणि भांडण झालं की 'तू मोठी ना?' हे मात्र ताईला.

त्यांची आई गेल्या वर्षी गेली. ती पार्लरमध्ये केस कापायची. गिऱ्हाइकांचे केस आणि गुपितं दोन्ही तिथेच झाडून यायचं, असं म्हणायची. मूत्रपिंडाचं दुखणं लांबत गेलं. बाबा बस चालवायचे, त्यांना रजा मिळत नव्हती, म्हणून मुली आळीपाळीने आईच्या उशाशी बसायच्या. ती गेली त्या दुपारी पाळी छकुलीची होती. जरा मैत्रिणीकडे जाऊन येते म्हणाली, आणि ताई बसली. आईने पाणी मागितलं. ताईने चमच्याने पाजलं. दुसरा चमचा हनुवटीवरून ओघळला, तेव्हा ताईला कळलं.

बाबा धावत आले तेव्हा दोघीही पलंगाशी होत्या. कुणाची पाळी होती, ते त्यांना कुणीच सांगितलं नाही.

पुढे दोघींनी परगावच्या एकाच कॉलेजात अर्ज करायचं ठरवलं. अर्जासोबत स्वतःबद्दलचा निबंध हवा होता, 'मला घडवणारा प्रसंग' या विषयावर. दोघींनी एकमेकींना न सांगता आईचं मरण लिहिलं. शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी दोन्ही वाचले आणि दोघींना बोलावून घेतलं. निबंध चांगलेच आहेत, पण एकच घर, एकच आई. वाचणाऱ्याला वाटेल यांनी ठरवून लिहिलंय. एकीने विषय बदलावा, असं त्या जरा अवघडूनच म्हणाल्या.

घरी येताना छकुली रस्त्यातच रडू लागली. तिला दुसरं काही सुचणारच नव्हतं. ताईने सवयीने मान डोलावली. बदलते म्हणाली.

मग ती लिहायला बसली. पोहायला शिकले ते लिहावं, तर काठावर आई टॉवेल घेऊन उभी. गणितात नापास झाले ते लिहावं, तर निकालावर सही आईची. कुठूनही सुरुवात केली तरी दुसऱ्या परिच्छेदात आई यायची आणि ताई तो खोडायची. शेवटी सायकल शिकण्यावर काहीबाही लिहून तिने अर्ज पाठवला. पाठवण्याआधी वाचताना तो निबंध तिलाच कुणा परक्या मुलीचा वाटला होता.

छकुलीने स्वतःचा निबंध पुन्हा लिहून काढला आणि शुद्धलेखन तपासायला तिच्याकडेच दिला. त्यात लिहिलं होतं: मी चमच्याने पाणी पाजलं.

"हे तू लिहिलंस?" ताईने विचारलं.

"मी असायला हवं होतं ना तिथे."

"पण नव्हतीस."

"लिहिताना होते." छकुली म्हणाली. "राहू दे ना ताई. माझ्याकडे त्या दुपारचं आहे काय? मैत्रिणीच्या घरचा टीव्ही."

ताईने ऱ्हस्वदीर्घ तेवढे सुधारले आणि कागद परत दिला.

छकुलीला प्रवेश मिळाला. ताईला खेद कळवणारं उत्तर आलं. बाबांनी छकुलीचा निबंध मागून घेतला, आणि पुन्हा पुन्हा वाचला. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "एकटी होती पोर शेवटी आईजवळ. मला कधी बोलली नाही." मग ताईकडे वळले. "तू कुठे होतीस गं तेव्हा?"

छकुली ताटाकडे बघत होती. ताई थांबली. छकुली बोलेल म्हणून थांबली.

"मैत्रिणीकडे गेले होते," ताई म्हणाली.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतेच उठले आणि ताट धुवायला घेऊन गेले.

छकुली परगावी गेली. ताईने जवळच्या कॉलेजात नाव घातलं. ती आणि बाबा घरात भाजीपाला, लाईटबिल, पाण्याची मोटर एवढ्यावर बोलत. आईचं काही आठवलं की बाबा छकुलीला फोन लावत. एका रविवारी ताई कपडे वाळत घालत होती, तेव्हा त्यांनी फोनवर विचारलेलं तिने ऐकलं, "शेवटी काही बोलली का गं ती?"

पलीकडून छकुली पुष्कळ वेळ काहीतरी सांगत राहिली. बाबा हूं हूं करत डोळे पुसत होते. ती काय सांगत होती, ते ताईला ऐकू आलं नाही.