मास्तरची जड कात्री

कात्री जड झाली, असं ती कित्येक महिने सगळ्यांना सांगत होती. शिवणाच्या कारखान्यात कटिंगचं टेबल तिचं. बाई असली तरी सगळे तिला मास्तरच म्हणत. धार लावून झाली, तेल पाजून झालं. मग तिने कात्रीचा मधला स्क्रू थोडा थोडा सैल करत नेला. शेवटी पात्यांनी एकमेकांशी अबोलाच धरला आणि कापड कापायचं सोडून कात्री ते चघळायला लागली. मालकांनी तोंडावर सांगितलं, नाट्यगृहाच्या मखमली पडद्याचं काम आलंय, ते बिघडलं तर टेबल दुसऱ्याला.

एका सकाळी मूठच वळेना, तेव्हा कुठे ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी रक्त तपासलं, बोटं दाबून पाहिली आणि विचारलं, "पाळी कधी थांबली?"

"अहो, दुखतायत बोटं!"

"म्हणूनच विचारते. पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं. बऱ्याच जणींचे सांधे तेव्हाच कुरकुरायला लागतात. तुमची नुकती सुरुवात आहे. औषध, बोटांचे व्यायाम, अंगठ्याला पट्टी. कात्री सोडायचं कारण नाही."

त्या शेवटच्या वाक्यासाठी बाईंना मिठी मारावी असं तिला वाटलं. घरी जाताना रस्ताभर ती एकटीच हसत होती. दुखण्याला नाव होतं, उपाय होता, आणि बिचाऱ्या कात्रीचा काडीचाही दोष नव्हता!

पडद्याच्या दिवसापर्यंत मूठ बरीच वळू लागली. तिने बोटं कोमट पाण्यात शेकली, पट्टी चढवली आणि स्क्रू चांगला आवळला. सगळे हातातलं काम टाकून बघायला जमले. कात्री मखमलीत शिरली ती थेट पलीकडच्या काठालाच थांबली. सरळ! एक धागा इकडचा तिकडे नाही!

"वा मास्तर!" मालक ओरडले. तिचा आनंद गगनात मावेना.

शेजारच्या मशीनवर तिची थोरली नणंद बसायची. "वन्सं, बघत काय बसलात? घ्या शिवायला!"

नणंदेने पायडल दाबलं, तोंड वाकडं केलं आणि तेलाची बाटली उचलली. "घेते गं वहिनी. पण हे मेलं पायडल किती जड झालंय! रोज तेल घालते, तरी तेच."

मास्तरने कात्री खाली ठेवली आणि नणंदेच्या हातातली तेलाची बाटली काढून घेतली.

"शिवून झालं की चला माझ्याबरोबर."

"कुठे?"

"माझी कात्री जिथे दुरुस्त झाली तिथे."