टाकीच्या तळाचं दीड मीटर

डेपोत तिला सगळे पट्टीबाई म्हणत. खऱ्या नावाने कुणी हाक मारली असती, तर तिने बहुधा मागे वळूनही पाहिलं नसतं. गेली एकोणीस वर्षं ती रोज सकाळी डिझेलच्या टाक्यांवर चढत होती. प्रत्येक टाकीला चौऱ्याऐंशी पायऱ्या. वर गेलं की झाकण उघडायचं, पितळी वजन लावलेली पोलादी पट्टी आत सोडायची, वजन तळाला टेकलं की ओढून घ्यायची आणि डिझेलची ओल कुठवर चढली ते वाचायचं. वजनाला एक मलम फासलेलं असे. खाली पाणी साचलं असेल तर ते लालभडक होई. "नवरा खोटं बोलेल, पट्टी बोलणार नाही," असं ती म्हणायची. तिचा नवरा हॉस्पिटलच्या भटारखान्यात स्वयंपाकी होता, आणि तो यावर मान डोलवायचा.

त्या वर्षी ऊर्जा खात्याच्या नियोजन कार्यालयाकडून नवा फॉर्म आला. जुन्या फॉर्मवर दोन रकाने होते: टाकीत किती आहे आणि उपसता किती येईल. नव्यावर एकच उरला, एकूण साठा. आता टाकीच्या तळाशी गाळ आणि पाणी असतं, ते पंपात जाऊ नये म्हणून पाइपाचं तोंड तळापासून दीड मीटर वर ठेवलेलं. त्याच्या खालचं डिझेल म्हणजे उंच फडताळावरची बरणी. दिसते, पण हाताला लागत नाही. देशातल्या सगळ्या डेपोंचे आकडे बेरजेला लागले आणि मंत्र्यांनी टीव्हीवर सांगितलं, बेचाळीस दिवसांचं इंधन आहे, काळजी नको. त्या भरवशावर पुढची जहाजं अडतिसाव्या दिवसावर ढकलली गेली.

पट्टीबाईने आपल्या हिशेबाने ताडून पाहिलं. टाक्यांत सरासरी चार मीटर. त्यातलं दीड गेलं. सगळीकडे असंच असेल, तर उरतात सव्वीस दिवस.

तिने फॉर्मच्या समासात लाल पेनने लिहिलं: "यातलं दीड मीटर निघत नाही." आणि सही केली नाही.

"बाई, समासात लिहायची पद्धत नाही," मॅनेजर म्हणाला. बिचारा भला माणूस, पण वरून फोन आला की उभा राहून बोलणारा.

"मग रकाना द्या."

"रकाना नाहीये ना आता."

"रकाना नाही म्हणून गाळ नाही, असं होतं का साहेब?"

तीन वेळा फॉर्म परत आला, तीन वेळा तिने तो तसाच पाठवला. चौथ्या वेळी सोबत पत्र होतं: समिती पाहणीला येईल, संबंधित मोजणीदाराने समितीसमोर सही करावी, अन्यथा कारवाई. खाली नियोजन कार्यालयाच्या उपसंचालकाची सही. ती सही तिला पाटीवरच्या अक्षरापासून ओळखीची होती. तिच्या धाकट्या भावाची.

समितीच्या आदल्या संध्याकाळी तो तिच्याकडेच मुक्कामाला आला. हातपाय धुतले, आईच्या पाया पडला, जेवायला बसला.

"ताई, उद्या सही करून टाक."

"तुला माहीत होतं?"

त्याने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "रकाना काढायचं वरून ठरलं. लोक घाबरले की साठेबाजी करतात, त्याने टंचाई लवकर येते. हेही खोटं नाही."

"लोकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा रे. पण जहाज कधी मागवायचं, तेही त्याच आकड्यावर ठरवलंत? जगाला फसवताना स्वतःला कशाला फसवलंत?"

"अडतिसाव्या दिवशी जहाज येतंय."

"आणि सत्ताविसाव्या दिवशी तुझ्या भाऊजींच्या हॉस्पिटलचा जनरेटर कशावर चालणार? तुझ्या फायलीवर?"

नवऱ्याने मान खाली घालून भाजी वाढली. आई म्हणाली, "भांडा, पण अन्न पुढ्यात असताना नको." मग थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं, "लहानपणी हा औषधाची बाटली पाणी घालून भरायचा. औषध अजून उरलंय असं दाखवायला. ताप यालाच असायचा, बाटलीला नव्हे."

तो उठला आणि हात धुवायला गेला.

सकाळी समिती आली. पाच माणसं, त्यांत तिचा भाऊ, आणि अध्यक्ष म्हणून एक पांढऱ्या केसांची, ठेंगणी बाई, जी आयुष्यभर वीजकेंद्रात इंजिनियर होती. मॅनेजरने फॉर्म टेबलावर ठेवला, पेनचं टोपण काढून पेन हातात दिला. पट्टीबाईने तो पुन्हा टोपण लावून खाली ठेवला.

"सही करणार नाही."

"नोकरीचा विचार करा," समितीतला एक जण म्हणाला.

"एकोणीस वर्षं तोच करतेय. माझी नोकरी टाकीत काय आहे ते सांगायची. तुम्हाला जे ऐकायचंय ते सांगायला दुसरं माणूस ठेवा, स्वस्तात मिळेल." तिचा आवाज चढला होता, आणि तिला तो उतरवायचा नव्हता. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे आडात आहे, पण पोहरा तिथवर पोचतच नाही! नऊ नंबरच्या टाकीत आज पावणेदोन मीटर डिझेल आहे. तुमच्या फॉर्मवर ते अख्खं साठ्यात धरलंय. लावा पंप. जेवढं निघेल तेवढं मी लिहीन आणि सही करीन."

"पंप लावायला नियोजन कार्यालयाची परवानगी लागते," मॅनेजर पुटपुटला.

सगळ्यांनी उपसंचालकाकडे पाहिलं. ताईकडे त्याने पाहिलं नाही.

"लावा," तो म्हणाला.

नऊ नंबरमधून चार नंबरच्या टाकीत डिझेल ओढायला सुरुवात झाली. पाऊण तास पंप एका लयीत घुमत राहिला, आणि समितीतल्या लोकांचे चेहरे सैल झाले. मग पंप खोकल्यासारखा करू लागला. नळी थडथडली, दाबाचा काटा खाली पडला, आणि आत खडे टाकावेत तसा आवाज यायला लागला. पंपवाल्याने धावत जाऊन बटण बंद केलं. "हवा ओढतोय. अजून चालवला तर जळेल."

पट्टीबाई टाकीवर चढली. तिच्यामागून अध्यक्षबाई चढल्या, प्रत्येक वीस पायऱ्यांना थांबत, कुणाचाही हात न धरता. वर पट्टी सोडली. दीड मीटर आणि चार बोटं. पितळी वजन वर आलं तेव्हा लाल झालं होतं.

अध्यक्षबाईंनी ते वजन बोटाने पुसून पाहिलं. "किती डेपोंत असंच आहे?"

"मी माझ्याच टाक्या मोजते, मॅडम. पण पाइपाचं तोंड सगळीकडे दीड मीटरवरच असतं."

दुसऱ्या दिवशी प्रत्येक डेपोतून उपसता येणाऱ्या साठ्याचा आकडा मागवला गेला. बेरीज, मंत्र्यांच्या घोषणेपासून धरून, सव्वीस दिवस आणि थोडे तास. जहाजांना तातडीचे निरोप गेले. जी सर्वांत लवकर येऊ शकत होती, ती तेहतिसाव्या दिवशी पोचणार होती. मधलं अंतर भरून काढायला डिझेलवर रेशन लागलं: हॉस्पिटलं, पाणीपुरवठा आणि बस आधी, बाकीचे नंतर.

बक्षीस मिळालं नाही. पट्टीबाईला शिस्तभंगाबद्दल स्टोअरमध्ये बसवलं, हातमोजे वाटायला. भावाला नियोजनातून उचलून खात्याच्या ग्रंथालयात टाकलं. पहिल्याच रविवारी त्याचा फोन आला. "ताई, इथे भरपूर शांतता आहे. वाचतोय. जुने फॉर्म सगळे इथेच आहेत, दोन रकान्यांचे. एक प्रत अध्यक्षबाईंना पाठवली."

"विचारून पाठवलीस?"

"तू कुणाला विचारलं होतंस?"

ती फोनवर मोठ्याने हसली. आई आतून विचारायला लागली, काय झालं म्हणून.

तिसाव्या दिवशी ती नवऱ्याच्या शेतातल्या डिझेल इंजिनासाठी रेशनच्या रांगेत उभी होती. पंपावर दीडशे माणसं होती आणि ऊन रणरणत होतं. पुढचा एक टेम्पोवाला तावातावाने सांगत होता, "चांगलं बेचाळीस दिवसांचं होतं हो! कुठल्याशा डेपोतल्या बाईने आकडे बिघडवले. सापडायला पाहिजे एकदा ती."

रांगेतून माना डोलल्या. पट्टीबाईने कॅन खाली ठेवला, दोन माणसं ओलांडली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सापडली," ती म्हणाली. "बोला, काय म्हणायचंय?"