आईच्या नावाची कोरफड

जुन्या हुबळीच्या त्या गल्लीत सकाळपासून मुंगी शिरायला जागा नव्हती. मांडवाच्या आडव्या बांबूंना शेकडो कोरफडी उलट्या टांगलेल्या. मुळं आभाळाकडे, पानं माणसांच्या डोक्यावर. ना माती, ना पाणी. १९९८चा तो उन्हाळा असा, की नळालाही धार नाही. तरी एकूण एक झाड हिरवंगार.

"गिड हसरु, जीव हसरु!" चौरंगावरून हसिरज्जा ओरडला. झाड हिरवं, तर जीव हिरवा. हसिरज्जा म्हणजे हिरवा आजोबा. लुंगी हिरवी, फेटा हिरवा, चष्म्याची काचसुद्धा हिरवी.

"कप्पतगुड्डाच्या कड्यावर मी बारा वर्षं उलटा लटकलो. तेव्हा या लोळेसरनं, तुमच्या कोरफडीनं, मला शब्द दिला. आजाऱ्याच्या नावानं दारावर टांगा. त्याचं दुखणं झाड पिऊन टाकेल. मात्र सुई बंद, गोळी बंद! झाडाला डॉक्टरचा वास सोसत नाही. चिंती माडब्याड्री, काळजी करू नका!"

"उलटा लटकून जेवत कसा होता हा?" शालिनी पुटपुटली. ती धारवाडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची.

"गप्प बस ग," तिचा थोरला भाऊ प्रभंजन म्हणाला. गल्लीच्या तोंडाशी त्याचं भांड्यांचं दुकान होतं. "आईचं नाव सांगू दे."

इंदुमती. नाव सांगितलं, झाड मिळालं. इंदुमतीबाईंना मधुमेह होता, पायाच्या करंगळीजवळ जखम होती, आणि शेजारच्या काकूंचा पाय कापलेला त्यांनी पाहिला होता. हसिरज्जाकडे कापाकापी नाही, एवढं त्यांना पुरे झालं. त्या दिवसापासून इन्सुलिन बंद.

प्रभंजन चपला शोधायला गेला, तेवढ्यात शालिनीनंही एक कोरफड मागितली.

"नाव?"

"विठ्ठलराव."

आईच्या दारावरचं झाड: हिरवं.
पाय: करंगळी लाल, सुजलेली.

"अण्णा, दुकानाच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून कोरफड टांगतोस. तिला कधी पाणी घातलंस?" शालिनीनं प्रभंजनला विचारलं.

"नाही."

"मग मरते ती?"

"ती दृष्टीची. ही आईच्या नावाची. दोन्ही एक कशा असतील?"

आईनं पाय पदराखाली ओढला. "शालू, झाड बघ की. मला काय होतंय?"

झाड: मधोमध नवं पान.
पाय: करंगळी काळी. उदबत्ती लावली तरी खोलीतला वास जात नाही.

शालिनीनं डॉक्टरांना घरी आणलं. आईनं आतून कडी घातली. बाई हट्टी नव्हती, घाबरलेली होती. आणि त्या भीतीला कुणीतरी हिरवा रंग देऊन विकलं होतं.

मग शालिनी धारवाडच्या घरी टांगलेली आपली कोरफड घेऊन मांडवात आली. प्रभंजनला तिनं हाताला धरून आणलं होतं.

हसिरज्जानं पान दाबलं, डोळे मिटले. "कुणाचं?"

"विठ्ठलरावांचं. शुगर होती."

"होती! पळाली! रक्त कसं खळखळतंय, वाहवा! दांडगं आयुष्य आहे गड्याला. रविवारी जिलेबी घाला त्यांना."

रांगेनं टाळ्या वाजवल्या.

"जिलेबी पिंडापाशी ठेवू का, अज्जा?"

टाळ्या थांबल्या.

"विठ्ठलराव माझे वडील. आम्ही दरसाल त्यांचं श्राद्ध घालतो. अण्णा, सांग यांना."

प्रभंजनचा चेहरा राखेसारखा झाला. "हे अप्पांचं झाड?"

शालिनीनं पान मोडलं. पाणीदार गर तिच्या मनगटावरून ओघळला. "हे बघा पाणी. पावसात ही पानात भरून ठेवते. वर मेणचट साल. पानाची बारीक छिद्रं दिवसा मिटलेली, रात्री गारव्यात उघडतात, म्हणून पाणी उडून जात नाही. कोरड्या माळावरचं झाड आहे हे. महिनोन्‌महिने टांगा, जगेल. जिवंत माणसाच्या नावानं, मेलेल्याच्या नावानं, म्हशीच्या नावानं! तिला नाव कळत नाही. याला ते पक्कं माहीत आहे, म्हणून तर यानं कोथिंबीर टांगली नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. "श्रद्धा कमी, श्रद्धा कमी," म्हणत हसिरज्जा मागच्या पडद्याआड गेला. प्रभंजन घराकडे धावत सुटला.

आईला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सर्जन म्हणाले, "आधी आला असतात तर बोटावर भागलं असतं. आता मांडीपासून पाय काढला तरी भरवसा नाही. विष रक्तात गेलंय."

"झाड कसं आहे रे?" आईनं विचारलं.

प्रभंजन तिच्या पायावरची चादर सारखी करू लागला. शालिनी म्हणाली, "हिरवं आहे, आई."

ते खरंच होतं. ऑपरेशनच्या आधीच इंदुमतीबाई गेल्या.

दिवसकार्य आटोपल्यावर, डोक्याचा गोटा केलेला प्रभंजन मांडवात गेला. हसिरज्जानं गाव सोडलं होतं. रांग मात्र होती. माणसं आपापली झाडं घेऊन रिकाम्या चौरंगासमोर उभी होती.

"आमची आई गेली," तो म्हणाला, "आणि तिचं झाड जोमात आहे. झाडाला काय विचारता? रक्त तपासा. जखम उघडून बघा. कुणी चमत्कार दाखवला तर तोच चमत्कार आपल्या घरी करून बघा. आम्ही नाही करून बघितला. माझ्या दुकानाच्या दारावर तो रोज लटकत होता."

एक म्हातारा कोरफड छातीशी धरून पुढे आला. "पण माझं तर हिरवं आहे की हो."

प्रभंजन खाली बसला आणि म्हाताऱ्याच्या घोट्यावरचं चिकटलेलं फडकं हळूहळू सोडवू लागला.

"पाय इकडं करा, काका. मग डॉक्टरकडं जाऊ. मी येतो बरोबर."