काका आले की उंदीर गप्प

चाळीस उंदीर. पांढरे.

शिष्यवृत्ती जूनअखेर बंद.

"घरी मला काळं कुत्रं विचारत नाही," असं काका म्हणत. घरी कुठल्याच रंगाचं कुत्रं नव्हतं.

मेंदूतली एक पेशी बोलली आणि तिच्यामागोमाग शेजारची बोलली, असं पुन्हा पुन्हा झालं की दोघींमधली वाट मळते. मग पहिलीनं नुसतं खाकरलं तरी दुसरी उठून बसते. याला आठवण म्हणतात.

मिठाचं पाणी, सुईत, सकाळी दहा वाजता.

आता हे सगळं एका खोलीत आणू. खोली तिसऱ्या मजल्यावर, बिनखिडकीची, भुशाच्या वासाची. काका तिथे सव्वीस वर्षं उंदीर सांभाळत होते आणि एका मुलीचा पीएचडीचा प्रबंध तिथेच चार वर्षं अडकला होता. प्रयोग सरळ होता. उंदराला पेटीत ठेवायचं, शिट्टी वाजवायची, पायाला विजेचा हलका झटका द्यायचा. दुसऱ्या दिवशी नुसती शिट्टी. आठवत असेल तर उंदीर जागच्या जागी थिजतो. निम्म्यांना झटक्याआधी तिचं औषध, पेशींमधली वाट मळूच न देणारं. त्यांनी विसरायला हवं होतं.

एकही विसरला नाही. चाळीसच्या चाळीस थिजले. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, औषधात दम नाही, विषय बदल. जून संपायला सात आठवडे होते.

तिनं प्रयोगाच्या चित्रफिती पुन्हा पाहिल्या. या वेळी आवाज चालू ठेवून, चार वर्षांत प्रथमच. उंदीर शिट्टीला थिजतच नव्हते. शिट्टीच्या बारा सेकंद आधी थिजत होते; काका त्यांना पेटीत सोडताना "चल राजा" म्हणत, तेव्हा.

सुईची सवय व्हावी म्हणून झटक्याआधी आठ दिवस प्रत्येकाला मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलं जाई. काका मायेनं मानगूट धरत, "चल राजा" म्हणत आणि टोचत. आठ दिवसांत वाट चांगली गाडीवाट झाली होती. औषध त्यानंतर आलं.

काकांना मात्र या शांततेचा अभिमान होता. आपण तोंड उघडलं की सगळे कसे गुमान बसतात, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. संस्कार लागतात, म्हणत.

आणखी वीस उंदीर मिळणार होते, एकदाच. काकांनी मौन पाळलं तर प्रबंध वाचत होता. फक्त का, ते त्यांना सांगायला हवं होतं. तिनं जिन्यात दोनदा तालीम केली. मग वर जाऊन सांगितलं की नवा नियम आलाय, खोलीत बोलायचं नाही.

काका हातातला भुसा तसाच धरून उभे राहिले. "अगं, मग त्यांना कळायचं कसं, आपलं माणूस आलंय ते?"

"सरांना विचारा," ती म्हणाली. सरांना कुणी काही विचारत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

काकांनी नियम अक्षरशः पाळला. शिंक आली तर जिन्यात जाऊन शिंकून येत. दहा उंदीर थिजले, औषधवाले दहा विसरले. सर म्हणाले, मी पहिल्यापासून सांगत होतो.

पदवी मिळाली त्या दिवशी काका चहाचा कप घेऊन तिच्याशेजारी येऊन बसले. कौतुक केलं, तब्येतीची चौकशी केली, मग आवाज खाली आणला.

"खरं सांगू? ही दुसरी खेप काही लाघवी नव्हती. मी आलो तरी आपली हुंदडताहेत. आधीची कशी ओळख ठेवून होती."

"हो काका," ती म्हणाली. "त्यांच्या तुम्ही चांगलेच लक्षात राहिला होतात."

काका इतके खूश झाले की तिचाही कप विसळून आले.

प्रयोगाच्या वेळापत्रकात रोजच्या इंजेक्शनांपुढे तिचं नाव होतं. तिला उंदरांची किळस यायची, म्हणून पहिल्याच दिवशी तिनं ते काम काकांच्या गळ्यात घातलं होतं.