पाच गाठींचा धडपा

मी धडपा बोलतोय. हसू नका. बन्सीधरअण्णांचं धोतर विरलं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी त्याचा चांगला अर्धा भाग फाडून ठेवला, तोच मी. वर्षानुवर्षं मी त्यांच्याबरोबर सेलूच्या बाजाराला गेलो. एका टोकात तूरडाळ, दुसऱ्यात साखर, तिसऱ्यात जाडं मीठ. प्रत्येकाची गाठ वेगळी, आणि दाणासुद्धा इकडचा तिकडं होत नसे.

मग कॅरीबॅग आल्या आणि माझी रवानगी पेटीच्या तळाशी झाली. सून राजेश्री त्या पिशव्या साठवून अंघोळीच्या पाण्याची चूल पेटवायची. झटकन पेट घेतात याचं तिला कोण कौतुक! तिची लहानगी वैष्णवी तिथंच शेकत बसायची आणि दिवसभर खोकायची. चुलीत काय जाळता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा राजेश्रीची मान खाली गेली. घरी येताच तिनं पेटी उघडून मला बाहेर काढलं.

पण तिला गाठ कुठं मारता येत होती? पहिल्याच बाजारी जीपच्या धक्क्यांनी दोन गाठी सुटल्या आणि मीठ साखरेत मिसळलं. घरभर खारट चहा! शेजारणी आठवडाभर हसल्या. राजेश्री हिरमुसली, मीही ओशाळलो.

पुढच्या बाजारी पार्वतीबाई स्वतः निघाल्या. भरल्या दुकानात त्यांनी मला पसरलं. दुकानदार दिनकररावांनी प्लास्टिकच्या तयार पुड्या पुढं सरकवल्या.

"त्या ऱ्हाऊ द्या. पोत्यातलं मोजा," पार्वतीबाई म्हणाल्या. "नातीचा खोकला आमी इकत घेत न्हाई."

 दिनकररावांनी पुड्या मागं ओढल्या आणि पोतं सोडलं.

"राजेश्री, आधी कपड्याला पीळ दे, मंग गाठ मार."

चार टोकांच्या चार गाठी सासूनं मारल्या, मधली पाचवी सुनेनं. घरापर्यंत एकही सुटली नाही. काय ऐट होती म्हणून सांगू माझी!

आता दिनकररावांच्या दुकानात माझ्यासारखे आठ-दहा धडपे येतात. त्यात त्या हसणाऱ्या शेजारणींचेही आहेत. आमची चूल कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर पेटते आणि वैष्णवीचा खोकला थांबलाय.

मी मात्र मधोमध विरत चाललोय. काल पार्वतीबाई साखरेची गाठ सोडायला बसल्या, तर बोटांना सुटेना.

"ही गाठ माझी हाय का तुझी गं?"

"माझी, आत्याबाई."

त्या तोंडभर हसल्या. माझं सोनं झालं. तुमच्याही पेटीच्या तळाशी माझा एखादा भाऊ पडला असेल, त्याला एकदा बाजार दाखवा.