गळालेले तीन शब्द

सैतानाशी तडजोड नाही, हे पप्पांचं आयुष्यभराचं तत्त्व होतं. मुलीला सैतानाचं काम मिळेपर्यंत ते पाळणं फारसं जडही गेलं नव्हतं.

पप्पा निवृत्त मुद्रितशोधक. तीस वर्षं छापखान्यात बसून त्यांनी दुसऱ्यांचे गळालेले शब्द जागेवर बसवले. आता चर्चच्या मंडळीचे सचिव. एका परदेशी मालिकेत सैतान बाई दाखवलाय, आणि तीही देखणी, असं कळल्यावर पाळकांनी रविवारच्या उपासनेत वाचायला निषेधाचं पत्र लिहायला सांगितलं. लिहिणारे पप्पा, वाचणारेही पप्पा.

"बाई दाखवलाय म्हणून राग आहे, की देखणी दाखवलीय म्हणून?" मम्मीनं विचारलं होतं. उत्तर पत्रात आलं नाही.

आणि त्या बाईला आपल्या भाषेत आवाज देणार होती त्यांचीच लेक. अकरा वर्षांच्या डबिंगमध्ये तिच्या वाट्याला गर्दी, परिचारिका आणि एक बोलका ससा आला होता. पडद्यावर नाव येईल असं हे पहिलंच काम. रेकॉर्डिंग सोमवारी.

शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा पप्पा जेवणाच्या टेबलावर पत्रातले स्वल्पविराम तपासत होते.

"पप्पा, तुम्ही पुढे उभं राहून हे वाचणार आणि मी पहिल्या बाकावर बसून ऐकणार. नाही जमणार मला. पत्र वाचलं गेलं की मी काम सोडते. रागानं नाही म्हणत."

"रागानं म्हणाली असतीस तर बरं होतं," पप्पा म्हणाले. "मला ओरडता तरी आलं असतं."

"तोवर एक अडचण सोडवा. एक वाक्य ओठांवर बसत नाही. बाईचं तोंड मिटतं आणि माझे तीन शब्द उरतात."

तिनं कागद पुढे केला. प्रभू येशूला मोहात पाडताना सैतान बायबलातलंच वचन म्हणतो, ते वाक्य. भाषांतरकारानं मूळ स्तोत्र शोधून अख्खं उतरवलं होतं.

तत्त्व आडवं यायच्या आत पप्पांच्या हातात तांबडी पेन्सिल आली.

"गाढव आहे लेकाचा! अगं, सैतान अख्खं वचन म्हणतच नाही. तीन शब्द गाळतो. तिथंच तर सगळी लबाडी आहे त्याची!" त्यांनी शब्द खोडले. "आता म्हण."

ती म्हणाली. बसलं.

"ओरडतेस कशाला पण? सैतान ओरडत नसतो. गोड बोलतो, विम्याच्या एजंटासारखा." आणि चष्मा काढून, हात पसरून पप्पांनी ते वाक्य असं काही म्हणून दाखवलं की मम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"इतकी वर्षं प्रार्थना करताय, देवाशी कधी इतकं मधाळ बोलला नाहीत."

"देवाला फसवायचं नसतं," पप्पा म्हणाले, आणि समोरचं पत्र पुन्हा वाचू लागले.

रविवारी लेक पहिल्या बाकावर होती. मांडीवर पर्स, हातात फोन. नकार कळवायचा नंबर काढून ठेवलेला. पत्रात होतं, 'ही मालिका कोणीही एकट्याने किंवा आपल्या कुटुंबासह पाहू नये.' पप्पांनी ते स्वच्छ, मधाळ आवाजात वाचलं:

"ही मालिका कोणीही एकट्याने पाहू नये."

आणि खाली बसले.

लेकीनं मान खाली घातली. खांदे हलत होते. मम्मीला वाटलं, पोर रडतेय. पोर हसत होती. फोन पर्समध्ये गेला.

बाहेर पडताना पाळकांनी गाठलं. "सचिव, वाचताना तीन शब्द गळाले वाटतं."

"जन्मभर दुसऱ्यांचे शोधले, पाळकसाहेब. एकदा आपलेही गळायचेच."

पाळकांनी त्यांना बाजूला घेतलं. "आता वाचलंय म्हटल्यावर पाळायला हवं. घरी तर मी एकटाच असतो. तुमच्याकडे किती वाजता येऊ?"

मालिका सुरू झाली तेव्हा पप्पांच्या बैठकीच्या खोलीत सोळा माणसं होती, आणि अर्ध्या खुर्च्या शेजारच्या. चौथ्या भागात तो प्रसंग आला. पप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला, पाळकांना खोकू नका म्हणून सांगितलं आणि लेकीचा हात धरला. बाईनं तोंड उघडलं.

त्या वाक्यावर इतकं मोठं पार्श्वसंगीत होतं की एकही शब्द ऐकू आला नाही.