दुसरा मोजा

यिल्वानं धुण्याच्या वेळांच्या फळ्यावरचं आपलं कुलूप शुक्रवारच्या खाचेतून काढलं आणि गुरुवारच्या रांगेत, सिक्स्टनच्या कुलपाच्या बरोब्बर आधीच्या वेळेवर लावलं. किल्ली फिरताना कट्कन आवाज झाला. तळघरात दुसरं कुणी नव्हतं, तरी तिनं मागे वळून पाहिलं. कडेवरच्या लेकीला, टूवाला, फळ्यावरची ती चकचकीत कुलपं फार आवडायची. तिनं हात लांब केला तसा यिल्वानं तो हलकेच आपल्या मुठीत घेतला.

"त्याला नाही हात लावायचा. ते आजोबांचं आहे."

आजोबा म्हणजे पहिल्या मजल्यावरचे सिक्स्टन. इमारतीत धुण्याची खोली एकच, आणि ज्याचं कुलूप ज्या वेळेवर, त्याचं धुणं त्या वेळेत. सिक्स्टनचं कुलूप गुरुवारी दुपारच्या खाचेत इतकी वर्षं बसलेलं होतं की भोवतीचा रंग उडून तिथं एक कडं पडलं होतं. यिल्वा या इमारतीत आल्यापासून तिनं त्यांचा आवाज ऐकला नव्हता. खोकला मात्र ओळखीचा होता.

हे सगळं ईंगेलामुळे. ईंगेला म्हणजे टूवाचं वजन करणारी नर्स. बाळाला तराजूवर ठेवता ठेवता तिनं सहज विचारलं होतं, दिवसभर कुणाशी बोलतेस? यिल्वानं टूवाकडे बोट दाखवलं. "मोठ्या माणसांपैकी विचारतेय," ईंगेला म्हणाली. यावर यिल्वानं बाळाच्या झबल्याच्या गुंड्या लावायला सुरुवात केली, आणि त्या काही केल्या लागेनात. मग ईंगेलानंच त्या लावल्या. मैत्रीण हवी, गोतावळा हवा, असं मोठं काही मनात धरूच नकोस, असं तिनं समजावलं. नाताळाआधीचा पहिला अॅडव्हेंट रविवार येईल, तोवर एक माणूस, तुझ्या टेबलाशी, एक कप कॉफी. एवढंच ठरव. आणि तिथवर पोचायच्या पायऱ्या तुझ्या तूच पाड.

यिल्वानं ठरवलं. पण ईंगेलाला न सांगता तिनं त्याला आणखी एक गोष्ट जोडली. तिचा नवरा यूनास मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत होता. महिनाभर घरी, की पुढचे दोन महिने पाण्यावर. हे वेस्टरविक त्याचं गाव. तिचं माहेर पार उत्तरेला, पितेओला. आई फोनवर म्हणायची, "अगं, त्या गावात माणसं राहतात की नुसत्याच खिडक्या?" आणि मग, तुझी खोली मी अजून तशीच ठेवलीय, असं पुढे जोडायची. रविवारपर्यंत कुणीच टेबलाशी बसलं नाही, तर टूवाला घेऊन उत्तरेची गाडी धरायची आणि यूनासला कळवायचं की आता यायचं तर तिकडे ये, मी परत येत नाही.

पहिली पायरी होती जिन्यात कुणाला तरी 'कसं काय' म्हणायची. इथं घराबाहेर पडताना माणूस आधी दाराच्या भोकातून पाहतो. जिन्यात चाहूल असली तर कडीवर हात ठेवून ती सरेपर्यंत थांबतो. यात उद्धटपणा काही नाही. समोरच्याला उगाच बोलायला लागू नये म्हणून केलेली ती सोय. यिल्वाही आयुष्यभर तशीच थांबत आली होती. आता तिनं न थांबता बाहेर पडायला सुरुवात केली, आणि तिला कुणीच भेटलं नाही. बाकीचे थांबत होते.

म्हणून दुसरी पायरी गुरुवारची. आपली वेळ संपली तरी खोलीतून हलायचं नाही. सिक्स्टन आले की सॉरी म्हणायचं, आणि त्या सॉरीच्या पाठोपाठ आणखी काही. या इमारतीत वेळ उलटल्यावर खोली अडवणं म्हणजे लोकांनी पुढची दहा वर्षं लक्षात ठेवावं असं काम. ती त्याच कपड्यांच्या पुन्हा पुन्हा घड्या घालत राहिली. बाहेर खोकला ऐकू आला. पावलं काचेच्या दारापर्यंत आली, आतला दिवा पाहून घुटमळली, आणि आली तशी जिना चढून गेली. म्हाताऱ्यानं आपली वेळ तिला देऊन टाकली होती. तिला इतकी लाज वाटली की पुढचे दोन दिवस तीच दाराच्या भोकाला डोळा लावून जिना रिकामा व्हायची वाट पाहत राहिली.

पुढच्या गुरुवारी तिनं ओले कपडे मशीनमध्येच ठेवले आणि वर येऊन बसली. आता तरी त्यांना बेल वाजवावी लागेल. टूवाला मांडीवर घेऊन ती बेलची वाट पाहत राहिली. बेल वाजली नाही. अंधार पडायला लागला तेव्हा तिनं दार उघडलं. पायपुसण्याशेजारी तिची टोपली होती. कपडे वाळवलेले, घड्या घातलेले, बाळाची झबली वेगळी, तिचे कपडे वेगळे. अंतर्वस्त्रांवर टॉवेल झाकलेला. फक्त टूवाचा एक लाल मोजा नव्हता.

आईनं विणलेली जोडी होती ती. रांगून रांगून एकाला अंगठ्याशी भोक पडलं होतं, आणि नेमका तोच गेला होता. तिनं मशीनमध्ये हात घालून पाहिलं, वाळवण्याच्या यंत्राची जाळी काढून पाहिली. शुक्रवार गेला. शनिवारी समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत उद्याच्या अॅडव्हेंटसाठी कागदी तारे लागले. तिनं माळ्यावरून बॅग काढली, तिच्या तळाशी टूवाची उबदार पांघरुणं घातली. मग एकुलता मोजा हातात घेतला. तो कुठल्या कप्प्यात ठेवावा हे तिला सुचेना.

आणि टूवाला कडेवर घेऊन ती जिना उतरली.

सिक्स्टनच्या दारापाशी तिनं बेलकडे हात नेला, तोच दार उघडलं. ते आतल्या बाजूला उभेच असावेत. उंच, किंचित वाकलेले, घरातही स्वेटरच्या खाली टाय बांधलेला. लाल मोजा त्यांच्या हातात होता, आणि त्यातून एक सुई लोंबत होती.

"झालेला नाही अजून," ते घाईनं म्हणाले. "म्हणजे होतच आलाय. थोडाच राहिलाय."

"मी घेऊन जायला नव्हते आले," यिल्वा म्हणाली. मग तिला आठवलं की ती त्याचसाठी आली होती.

त्यांनी बाजूला सरून वाट दिली. स्वयंपाकघरात टेबलावर लोकरीची पेटी उघडी होती. ती बिर्गिटची, ते म्हणाले. बायको गेल्यापासून सुई हातात धरली नव्हती, नजरही आता तेवढी राहिली नाही. कॉफी त्यांनी न विचारताच चुलीवर ठेवली. टूवाला जमिनीवर सोडलं तशी ती टेबलाखाली गेली आणि त्यांच्या चपलेचा बंद ओढू लागली. त्यांनी पाय मुळीच हलवला नाही.

"परवाच दाराशी ठेवणार होतो," ते सुईकडे बघत म्हणाले. "पण मग वाटलं, नीट नाही झालं."

यिल्वानं मोजा हातात घेतला. भोक कधीचंच भरून आलं होतं. वीण इतकी बारीक होती की आईनंही पसंतीनं मान डोलावली असती. सुईत राहिलेला धागा मात्र सरळ नव्हता. त्याला नागमोडी वळणं पडली होती, विणलेलं उसवून तीच लोकर पुन्हा वापरल्यावर पडतात तशी. आणि एकदाच उसवलेल्या लोकरीला इतकी वळणं पडत नाहीत, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दाराशी ठेवायला निघावं, बेल वाजवायचा धीर होऊ नये, आणि परत येऊन उसवत बसावं.

तिनं मोजा टेबलावर ठेवला. समोर कॉफीचा कप आला होता. टेबल तिचं नव्हतं. ठरवलं होतं त्यातलं तेवढं एक जमलं नव्हतं.

तिनं खिशातून दुसरा मोजा काढला आणि त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"याचाही अंगठा विरत आलाय," ती म्हणाली.

सिक्स्टननी चष्मा लावला. मोजा आतबाहेर उलटून पाहिला, अंगठ्याच्या जागी बोट घालून उजेडात धरला. वीण घट्ट होती, कुठं एक धागा सुटलेला नव्हता.

"हो, आलाय खरा," ते म्हणाले. "हे सावकाशीचं काम आहे."

"घाई नाही," यिल्वा म्हणाली, आणि तिनं कप उचलला.